जनरल रागोटचा शब्द

"तोफेचा आवाज ज्यानं जवळून ऐकलाय, त्याच्याशी वाद घालू नये," असं सिल्वानस रागोट एकदा म्हणाला होता.

त्यानं तो जवळून ऐकला होता हे खरंच आहे. राष्ट्रीय दिनाला नैरोबीच्या मैदानावर सलामीच्या तोफा उडत, तेव्हा कानात कापूस घालून तो त्यांच्या शेजारी उभा असे. आयुष्यभरात त्यानं ऐकलेली तोफ तेवढीच, आणि तिच्यात गोळा नसे. पण हे वाक्य तो टीव्हीवर बोलला. समोर बसलेली बातम्यावाली बाई मान खाली घालून गप्प झाली, आणि इकडे सरोवराच्या काठावर, आमच्या कानेको गावात, आवूरच्या खानावळीत मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर तळलेली ओमेना मासळी खात बसलेल्या माणसांनी आनंदानं टेबलं बडवली. आमचा माणूस बोलला होता आणि राजधानी गप्प झाली होती. एवढ्यावर आमच्यासारखी माणसं पुष्कळ दिवस काढू शकतात.

त्याचा बाप मच्छीमार होता. सिल्वानसला पाण्याची भीती. बाप होडी घेऊन आत गेला की हा पोरगा काठावर उभा राहून ओरडायचा, "बाबा, तिकडं टाका जाळं! तिकडं, तिकडं! मासे तिकडंच आहेत!" होडीतली माणसं हसत. बायका म्हणत, "आलेगोवालीचं पोर हुशार निघणार." त्याची आई आलेगोकडची होती, म्हणून सगळा गाव त्याला तिच्या नावानं ओळखे. आता वाटतं, त्याची सगळी कारकीर्द त्या काठावरच पुरी झाली होती. पुढं फक्त पाणी मोठं होत गेलं आणि होड्यांतली माणसं हसायची बंद झाली.

सैन्यात तो उंचीच्या आणि आवाजाच्या जोरावर गेला. आवाज खरोखर ढोलासारखा होता. परेडच्या मैदानावर तो हुकूम द्यायचा तेव्हा पलीकडच्या शाळेतली मुलंसुद्धा सावधान उभी राहत, असं तो स्वतःच सांगे. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घेणं, बँडनं कुठं वळायचं ते ठरवणं, मंत्र्याची खुर्ची उन्हात येणार नाही असं बघणं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. नंतर त्याला नकाशाची काठी मिळाली. वरिष्ठांच्या बैठकीत भिंतीवरच्या नकाशावर काठी टेकवत बोलायचं काम. त्यात तो पुढं गेला, कारण काठी तो कधी एका गावावर टेकवत नसे, दोन गावांच्या मधे टेकवी. पुढं जे घडायचं ते दोघांपैकी कुठल्या तरी गावात घडे, आणि जनरल लोक म्हणत, "रागोटनं दाखवलं होतं." असा माणूस कोणालाच अडचणीचा नसतो. असा माणूस वर जातो.

परदेशातल्या एका शांतिसेनेत त्याला एकदा पाठवलं होतं. तिथं लढाई नदीच्या पलीकडे होती आणि त्याची खोली अलीकडे. पुलावर उभं राहून काढलेला फोटो मात्र त्यानं एवढा मोठा करून घेतला की गावच्या घरात आणताना दाराची चौकट काढावी लागली.

निवृत्त झाल्यावर तो गावी आला, टेकाडावर घर बांधलं आणि वर्षभरात वाळत गेला. सकाळी पायऱ्यांवर येऊन उभा राही. समोर कोणी नसे. शेळ्यांवर ओरडे. त्याची बायको दोरिना आतून म्हणे, "अहो, शेळी आहे ती, पलटण नाही. दोर ओढा, येईल." त्या वर्षी तो आम्हाला जरा बरा वाटला होता. आवूरच्या खानावळीत येऊन गप्प बसे, कोणी विचारलं तर पावसापाण्याचं बोले. तसाच राहिला असता तर त्याच्याविषयी लिहायला काही उरलं नसतं, आणि ते सगळ्यांच्या हिताचं झालं असतं.

पण शेजारच्या कुठल्याशा देशात कप्तानांनी राजवाडा घेतला. टीव्हीवर रोज बोलणारा कर्नल नेमका आजारी पडला आणि कोणीतरी रागोटचं नाव सुचवलं. तो गेला. दिव्यांखाली बसला. "मैदानावरचं चित्र अगदी स्पष्ट आहे," म्हणाला, "हा कप्तान आठवडाभर टिकणार नाही." तो कप्तान अजून तिथं राज्य करतोय, त्याचे नातू शाळेत जायला लागले. पण त्या आठवड्यानंतर काय झालं हे विचारायला टीव्हीवर कोणी थांबत नाही, आणि हे रागोटला त्याच दिवशी कळलं. सैन्यात निदान काठी दोन गावांच्या मधे ठेवावी लागे. इथं ती कुठंही टेकवता येत होती.

मग तो आठवड्याचे पाच दिवस नैरोबीत राहू लागला. लाल टाय, छातीवर पदकं, केसांना काळा रंग. कुठल्याही देशात गोळी सुटली की हा पडद्यावर. ज्या शहरांची नावं त्याच्या जिभेला वळत नसत, तिथल्या सेनापतींची चूक तो दाखवून देई. "मी असतो तर डाव्या बाजूनं गेलो असतो," हे त्याचं आवडतं. आमच्याकडे दारूच्या बैठकीत माणसं पैसे टाकून स्वतःची आणि एकमेकांची स्तुती गातात. तिथं नवी स्तुती निघाली: "मी डाव्या बाजूनं जाणाऱ्याच्या गावचा!" आमची मान ताठ झाली होती. ताठ मानेच्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

आमच्या गावात देल्फिना अबोन्यो नावाची विधवा आहे. मासे धुरावर सुकवून बाजारात विकते. तिचं एकच पोर जगलं, ओज्वांग. ते सैन्यात गेलं आणि सीमेपलीकडच्या एका छावणीत त्याची नेमणूक झाली. एका पहाटे त्या छावणीवर हल्ला झाला. बातमी आली तेवढीच. सैन्याचा माणूस फोनवर म्हणाला, "शोध चालू आहे, आई. कळलं की कळवू." देल्फिना फोन कमरेच्या कापडात गुंडाळून फिरू लागली. मासे जळत, तिला वास येत नसे.

शनिवारी रागोट गावी आला, तेव्हा ती टेकाड चढून त्याच्याकडे गेली. तो ओसरीवर पाय धुऊन घेत होता.

"जनरल, माझ्या ओज्वांगचं काही कळतंय का?"

"माझ्याकडे माहिती येतेय, आई. बरीच येतेय."

"मग सांगा ना. काय ते एकदाचं सांगा."

"असं ओसरीवर सांगायच्या गोष्टी नसतात या. सोमवारी टीव्ही बघ."

ती परत आली. दोरिना मागून धावत आली आणि तिच्या हातात भाजलेली रताळी ठेवून म्हणाली, "ताई, त्यांना काही माहीत नाहीये. फोनसुद्धा वाजला नाही दोन दिवसांत." देल्फिनानं ते ऐकलं असेल, नसेल. एका बाजूला जनरल आणि दुसऱ्या बाजूला शेळ्या ओढणारी बाई, यात कोणाचं ऐकायचं हे गावानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. देल्फिनाला पुढच्या बाकावर बसवलं. पडद्यावर रागोट आला. नकाशावर बोट फिरवलं. मग बोट थांबवलं, चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "त्या छावणीतलं कोणीही वाचलेलं नाही. मी हे जबाबदारीनं सांगतो. माझ्या स्वतःच्या गावचा एक पोरगा तिथं होता. ओज्वांग. त्याला माझा शेवटचा सलाम." आणि त्यानं सलाम केला. बातम्यावाल्या बाईनं डोळे पुसले. पुढं चार दिवस तो सलाम पुन्हा पुन्हा दाखवत होते.

देल्फिना रडली नाही. म्हणाली, "सैन्यानं सांगितलेलं नाही अजून."

तिचा दीर ओयिएके म्हणाला, "वहिनी, जनरल म्हणजे सैन्यच की. आणखी कोण सांगायला यायला पाहिजे तुला?"

ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्या जागी आम्ही यागोचं फळ पुरतो. दुधीसारखं लांब आणि दगडासारखं जड असतं ते. न पुरलेला माणूस भटकत राहतो आणि घरातल्या पोराबाळांना झोपू देत नाही, म्हणून उशीर करत नाहीत. देल्फिना म्हणत राहिली, थांबा. दीर, जावा, सगळं कूळ म्हणालं, किती थांबायचं? फाटकाच्या आत खड्डा खणला. फळाला पांढरं कापड गुंडाळलं. रागोट नैरोबीहून आला, पहिली मूठ माती त्यानं टाकली आणि इतकं लांब भाषण केलं की स्वयंपाकातली उगाली दोनदा गरम करावी लागली. मग रिवाजाप्रमाणे पुरुषांनी बैल हाकत, भाले नाचवत मरणाला गावाबाहेर पळवून लावायची लुटुपुटीची लढाई केली. सगळ्यांच्या पुढं रागोट. आयुष्यात त्यानं लढलेली ही एकच लढाई. तीही मरणाशी, आणि मरण त्या दिवशी आमच्या गावात नव्हतंच.

पुढच्या पावसाळ्यानंतर खानावळीतल्या फोनवर आवूरला आवाज आला, "आवूरकाकी, ओज्वांग बोलतोय. आईला बोलाव." आवूरनं फोन तव्यावर टाकला. पोरगं जखमी होऊन छावणीतून सरपटत निघालं होतं. उंटवाल्यांनी उचललं, महिनोन्‌महिने एका झोपडीत ठेवलं, मांडी सडायची थांबली तेव्हा सीमेवर आणून सोडलं.

तो मोटरसायकलवर मागं बसून आला. काठी टेकत फाटकापाशी उतरला. देल्फिना हात पसरून धावली आणि ओयिएकेनं तिला कमरेला धरून थांबवलं.

"सोड मला!"

"वहिनी, त्याला पुरलाय आपण. पुरलेला माणूस फाटकातून आत घेतलास तर त्याच्या मागोमाग काय येईल, ठाऊक आहे तुला."

ओज्वांग बाहेरूनच हसला. कुंपणावरून मातीचा उंचवटा त्याला दिसत होता. "काका, खड्डा फारच आखूड खणलात. एवढा बुटका होतो का मी?"

कुळाचा नियम साधा आहे. मरणाचा शब्द ज्याच्या तोंडून घरात आला, त्यानंच तो परत न्यायचा. त्यानं थडग्यापाशी उभं राहून म्हणायचं, "हे मरण मी आणलं, ते खोटं होतं, मी ते घेऊन चाललो." मग फळ उकरून स्वतःच्या हातानं फाटकाबाहेर न्यायचं. मग मेलेला आत येतो, आईच्या चुलीवरचं खातो. तोवर नाही. फाटकासमोरच्या झाडाला ताडपत्री बांधून ओज्वांग तिथं राहू लागला. शेजारच्या कुळातले लोक त्याला खायला देत. देल्फिना कुंपणाच्या आतून बघत बसे. एकदा तिनं काट्यांमधून हात घालून त्याची मांडी बघायचा प्रयत्न केला, तर हात फाटला. त्याच्या मांडीची जखम पुन्हा ओलसर दिसत होती. "आत आला असतास तर शेकली असती रे," म्हणाली. "आणि तू तिथं, मी इथं. कुठली मेली रीत ही."

रागोटला निरोप गेला. तो म्हणाला, कामात आहे. दुसरा गेला. तो म्हणाला, "त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर ते विश्लेषण होतं." ओयिएके फोनवर म्हणाला, "जनरल, विश्लेषण नाही पुरलं आम्ही, पोरगा पुरलाय." फोन कट झाला. त्याच आठवड्यात तो पडद्यावर म्हणाला, "आमच्या गावचा ओज्वांग परत आला. मी पहिल्यापासून सांगत होतो, आपली पोरं चिवट आहेत." आवूरनं पिंजऱ्यातल्या पोपटाला झाकावं तसं टीव्हीवर फडकं टाकलं आणि तो कोपऱ्यात सारून ठेवला.

शेवटी न्यामोगोनं, कुळातल्या सगळ्यात वडील माणसानं, तिसरा निरोप धाडला: तुझ्या आईच्या, आलेगोवालीच्या स्मरणाचं जेवण तू ठरवलंयस, नैरोबीचे पाहुणे बोलावलेस, बैल घेतलास. या गावातलं कोणी त्या जेवणाला येणार नाही. आईच्या नावानं मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो निघेल, या विचारानं जनरल आला.

बैठक देल्फिनाच्या अंगणात होती. तो सूट घालून, पदकं लावून आला. ओज्वांगच्या शेजारून आत शिरला, त्याच्या खांद्यावर थोपटलं, "शाब्बास, जवान," म्हणाला. ओज्वांग उठून उभा राहिला नाही. काठीनं मातीत रेघा ओढत बसला.

रागोटनं बोलायला सुरुवात केली. सीमा, टोळ्या, हत्यारांचा पुरवठा, वाऱ्याची दिशासुद्धा. म्हातारे ऐकत होते. कोंबड्या त्याच्या बुटांपाशी आल्या, त्यानं पाय हलवला, बोलणं थांबवलं नाही. न्यामोगोनं बरंच चालू दिलं. मग तंबाखूची चिमूट नाकात ओढून म्हणाला, "लेका, ते झाकण लाव आता. पोरगं जिवंत आहे का?"

"दिसतंय तर आहे."

"तू मेलं म्हणालास."

"जदुओंग, आपण वडील आहात. पण तुम्ही माझी अडचण समजून घ्या. सगळा देश मला ऐकतो. आज इथं मी म्हणालो की माझा शब्द खोटा होता, तर उद्या मी तिथं बसून काय बोलू?"

"गप्प बस की," मागून कोणीतरी म्हणालं.

देल्फिना उठली. पुरुषांच्या बैठकीत बायकांनी मधे बोलायचं नसतं, पण कोणी तिला अडवलं नाही. "जनरल, मी तुमच्याकडे ओसरीवर आले होते. नाही माहीत, असं म्हणाला असतात तरी मी परत गेले असते आणि वाट बघत बसले असते. वाट बघायचं मला जमत होतं. तुम्ही मला माझं पोर पुरायला लावलंत. आता दोन वाक्यं बोला. तेवढ्यानं ते माझ्या चुलीपाशी येतंय. दोन वाक्यं. तिकडं तर तुम्ही दिवसभर बोलता."

रागोट तिच्याकडे बघत नव्हता. फाटकाबाहेर, त्याच्या गाडीपाशी गावातले दोघेतिघे मोबाइल उंच धरून उभे होते, त्यांच्याकडे बघत होता. टायची गाठ त्यानं नीट केली. "मी दिलगिरी व्यक्त करणारं एक निवेदन लेखी देऊ शकतो," म्हणाला. "त्यात परिस्थिती, असा शब्द वापरू."

"परिस्थितीला हात आहेत का, फळ उचलायला?" न्यामोगोनं विचारलं. मग तो बैठकीकडे वळला. "मला एक सांगा, माणसांनो. या आमच्या लेकानं त्या डब्यातून आजवर सांगितलेलं काही खरं झालेलं कोणाला आठवतं का?"

ओयिएके म्हणाला, "तो कप्तान आठवड्यात जाणार होता."

"नातवंडं झाली त्याला," आवूर म्हणाली.

"उत्तरेकडचं शहर पडणार होतं ना ख्रिसमसच्या आधी?"

"कुठलं उत्तरेकडचं? ते दक्षिणेला आहे, माझा भाचा तिथं दुकान चालवतो. उघडंच असतं."

"आणि ते, डाव्या बाजूनं जायचं ते?"

"डाव्या बाजूला समुद्र होता!"

आता सगळं अंगण हसत होतं. फाटकाबाहेर ओज्वांगसुद्धा. मला सांगायला हवं, हे सगळं आम्हाला आधीपासून माहीत होतं. एकेकाला एकेक माहीत होतं. पण ते एकत्र करून बघायची आम्हाला कधी गरज वाटली नव्हती. आमच्या ताठ मानांचं भाडं तो भरत होता.

न्यामोगोनं हात वर केला. हसू थांबलं.

"लेका, आता नीट ऐक. मरणाचा शब्द घरात आला असेल तर आणणाऱ्यानं तो परत नेला पाहिजे. तू नेलास, तर आम्ही म्हणू, रागोटचा शब्द हा शब्द होता, फक्त चुकला. चुकतो माणसाचा शब्द. माझाही चुकलाय. तू उठ, फळ उचल, आणि आईच्या जेवणाला सगळा गाव येईल, मी पहिला. नाही नेलास, तर मला दुसरं म्हणावं लागेल. ज्याच्या बोलण्याला वजन नाही त्याच्या बोलण्यानं कोणी मरत नाही. मग या घरात मरणाचा शब्द कधी आलाच नाही. कुंपणावरून कोंबडा आरवला होता, एवढंच. मग खड्ड्यात काही नाही, पोरगं कधी गेलंच नव्हतं, आणि आणणाराही कोणी नाही. दोन्हींतलं काय, ते तूच ठरव. आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. रागोटच्या कपाळावर घाम आला, केसांचा काळा रंग कानापाशी उतरला. एकदा त्याचं तोंड उघडलं. त्यानं थडग्याच्या उंचवट्याकडे पाहिलं, मग मोबाइलवाल्यांकडे. सरोवराकडून वारा येत होता आणि ताडपत्री फडफडत होती. त्यानं तोंड मिटलं.

न्यामोगो म्हणाला, "बरं. कोंबडा होता." आणि देल्फिनाला म्हणाला, "जा, बाई. तुझं पोर बाहेरगावाहून आलंय. दाराशी काय उभं केलंयस त्याला?"

ती फाटकापाशी गेली. ओयिएके बाजूला झाला. तिनं ओज्वांगचा हात धरला, दुसऱ्या हातानं काठी काढून फेकून दिली आणि त्याचा सगळा भार आपल्या खांद्यावर घेतला. तो लंगडत आत आला. उंचवट्याजवळून जाताना म्हणाला, "आई, हे काय पुरलंयत?"

"काही नाही रे. यागोचं फळ."

"शेळ्यांना टाका मग."

"शेळ्यासुद्धा खात नाहीत ते," आवूर म्हणाली, आणि बायका चुलीकडे धावल्या. कोणीतरी पाणी ठेवलं, कोणीतरी मांडीचं फडकं सोडायला घेतलं. म्हातारे खुर्च्या उचलून तिकडं सरकले. एक खुर्ची मागं राहिली. तिच्यावर माणूस बसलेला आहे हे कोणाच्या लक्षात नसल्यासारखं झालं, आणि ते नाटक नव्हतं.

मग जनरल रागोट उठला, कोट खाली ओढला, आणि रिकाम्या हातानं फाटकातून बाहेर गेला.